वाचकांचे प्रश्न : छोटं विमान उतरताना आदळतं तेव्हा

या वेळी आलेल्या पत्रांत एकाच विषयावरचे प्रश्न सर्वांत जास्त निघाले : शिकाऊ आणि खासगी छोट्या विमानांचं हार्ड लँडिंग. विचारणाऱ्यांत प्रशिक्षणार्थी आहेत, त्यांचे पालक आहेत, देखभाल शिकणारी मुलं आहेत आणि परदेशात स्वतःचं विमान बाळगणारे मराठी वाचकही आहेत. उत्तरं उड्डाण प्रशिक्षण आणि विमान देखभाल या दोन्ही क्षेत्रांतल्या जाणकारांनी मिळून दिली आहेत.

मुलगा बारामतीला सेस्ना 172 वर शिकतोय. परवा फोनवर म्हणाला, "आज हार्ड लँडिंग झालं." नुसता दणका बसणं आणि हार्ड लँडिंग यांत फरक काय? आकड्यांत सांगता येईल का?
– एक पालक, सातारा

सांगता येईल. उतरताना विमानाला दोन वेग असतात, एक पुढे जाण्याचा आणि दुसरा खाली येण्याचा. हार्ड लँडिंगचा संबंध या दुसऱ्याशी आहे. चाकं टेकण्याच्या क्षणी विमान सेकंदाला किती फूट खाली येत होतं, त्यावर दणका ठरतो.

छोट्या विमानांची चाकं आणि ती ज्यांवर बसवलेली असतात ते पाय किती सोसतील याचं गणित अमेरिकी नियमावलीच्या भाग 23 मध्ये अनेक वर्षं एका सूत्रानं मांडलेलं होतं. पंखाच्या दर चौरस फुटावर किती पौंड वजन येतं ते काढायचं, त्याचं चौथं मूळ घ्यायचं आणि 4.4 ने गुणायचं. उत्तर सेकंदाला 7 फुटांपेक्षा कमी धरायचं नाही आणि 10 च्या वर नेण्याची सक्ती नाही. सेस्ना 172 एस भरलेलं असताना 2,550 पौंडांचं, म्हणजे सुमारे 1,157 किलोंचं असतं आणि पंखाचं क्षेत्रफळ 174 चौरस फूट. हिशोब केला तर सेकंदाला 8.6 फूट येतात, म्हणजे मिनिटाला साधारण 515 फूट. पाय वाकू नयेत, ही अपेक्षा इथपर्यंतचीच.

आता नेहमीचं उतरणं बघा. 65 नॉट (ताशी सुमारे 120 किलोमीटर) वेगानं तीन अंशांच्या उतारावरून येणारं विमान मिनिटाला सुमारे 345 फूट खाली येतं. जमिनीजवळ वैमानिक नाक हळूहळू वर घेत जातो, त्याला फ्लेअर म्हणतात. फ्लेअर नीट झाला की खाली येण्याचा वेग थोडासाच उरतो आणि चाकं लागल्याचं जेमतेम कळतं. दणक्याची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, हेही ध्यानात घ्या. 345 चे 515 झाले तर वेग दीडपट होतो, पण पायांना सोसावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट.

दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर 8.6 फुटांचा वेग यायला फार उंची लागत नाही. पंख अजून दोन-तृतीयांश वजन उचलून धरत असतील, तर साडेतीन फुटांवरून पडलं तरी तेवढा वेग येतो. म्हणजे जेवणाच्या टेबलापेक्षा थोडी जास्त उंची. पंखांनी पूर्ण हात टेकले, तर सव्वा फूटही पुरतो.

अडचण अशी की छोट्या विमानात हा वेग अचूक मोजणारं साधन बहुधा नसतं. जी 1000 हे डिजिटल पॅनेल असलेली विमानं मेमरी कार्डावर उभा वेग आणि जी-भार (गुरुत्वाच्या किती पट जोर बसला ते) लिहून ठेवतात, पण सेकंदाला एकदाच. धक्का सेकंदाच्या अंशात येऊन जातो, त्यामुळे खरा कळस दोन नोंदींच्या मधे निसटू शकतो. कार्डावरचा आकडा मोठा असेल तर तो पुरावा म्हणून धरावा. तो लहान दिसला म्हणून विमान निर्दोष ठरत नाही. त्यामुळे आत बसलेल्याला "हे जरा जास्तच झालं" वाटलं, तर ते हार्ड लँडिंग समजून विमान तपासायला देणं हाच शहाणपणा. तुमच्या मुलानं ते तोंडानं सांगितलं, ही चांगली खूण आहे.

माझं विमान टेकतं, उडतं, परत टेकतं. दुसऱ्या उडीला मी योक पुढे ढकलतो आणि मग आणखी जोरात आपटतं. नेमकं कुठे चुकतंय?
– प्रशिक्षणार्थी, शिरपूर

योक, म्हणजे नाक वर-खाली करणारा हातातला दांडा, पुढे ढकलण्यात. ती सवय आजच सोडा, कारण पुढचं चाक मोडतं ते याच सवयीपायी.

आधी उडी का बसते ते पाहू. सेस्नाचे मागचे दोन पाय म्हणजे पोलादी स्प्रिंग आहेत. त्यांत तेलाचा दाब नाही. दाबलेली स्प्रिंग घेतलेली ऊर्जा बरीचशी परत देते. शिवाय विमानाला वेग जास्त असेल, तर पंख अजून उडायच्या तयारीतच असतात. पुढचं चाक आधी टेकलं तर आणखी वाईट, कारण ते गुरुत्वमध्याच्या बरंच पुढे आहे. त्याला खालून ठोसा बसला की नाक वर फेकलं जातं, पंखांचा कोन वाढतो आणि विमान पुन्हा हवेत जातं. तिथे ते वेग गमावतं आणि नाक खाली पडतं. तेव्हा तुम्ही योक ढकलता, म्हणजे पडणाऱ्या नाकाला आणखी ढकलता. ही हेलकाव्याची लाट जेमतेम एक-दोन सेकंदांची असते. तुमच्या हाताची प्रतिक्रिया तेवढ्यात पोचेपर्यंत लाट उलटलेली असते, म्हणून प्रत्येक उडी आधीच्यापेक्षा मोठी होते. अशा हेलकाव्यांत फार तर दोन-तीन दणक्यांत पुढचा पाय किंवा प्रॉपेलर जातो.

उडी लहान असेल, म्हणजे फूट-दीड फूट, आणि पुढे धावपट्टी भरपूर असेल, तर नाक उतरण्याच्या स्थितीत तसंच धरून ठेवा, थ्रॉटल (इंजिनची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) किंचित पुढे करा आणि विमानाला पुन्हा आपणहून बसू द्या. याहून मोठी उडी असेल किंवा नाकाचा हेलकावा सुरू झाला असेल, तर उतरण्याचा विचारच सोडा. पूर्ण थ्रॉटल, नाक स्थिर, उजवा रडर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग) ताबडतोब 20 अंशांवर, 172 एस असेल तर 60 नॉटवर चढण, अडथळे पार होईपर्यंत फ्लॅप 10, मग सुरक्षित उंची आणि 65 नॉट मिळाल्यावर शून्य. फ्लॅप एकदम शून्यावर कधीच आणू नका, विमान खाली बसतं. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या : उतरण्यासाठी ट्रिम, म्हणजे योकवरचा जोर हलका करणारी जुळवणी, मागे लावलेला असतो, त्यामुळे पूर्ण शक्ती देताच नाक जोरानं वर येतं. ते हातानं थोपवावं लागतं, आणि इथे मात्र पुढे दाब देणं बरोबर आहे.

मुळातली चूक बहुधा फ्लेअरच्या आधीच झालेली असते. 65 ऐवजी 75 नॉटनं आलात तर ऊर्जा तेहतीस टक्क्यांनी जास्त. ते विमान धावपट्टीवर तरंगत राहतं. पंखाची लांबी 36 फूट, तिच्या निम्म्याहून खाली आलं की जमिनीजवळची हवा त्याला आणखी उचलून धरते. वैमानिक कंटाळून ते खाली दाबतो आणि पुढचं चाक आधी लागतं. तरंगणाऱ्या विमानाला खाली दाबायचं नसतं. नाक थोडं थोडं वर घेत, ते बसू नये असा प्रयत्न करत राहायचं. वेग संपला की ते बसतंच.

नजर कुठे ठेवता तेही तपासा. नाकासमोरच्या डांबरावर नजर असेल तर जमीन अंगावर धावून येते आणि हात घाबरून मागे ओढला जातो. फ्लेअर सुरू केला की नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्या. उंची डोळ्यांच्या कडेनं कळते.

एक सराव जमिनीवर करता येतो. इंजिन बंद, मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारं यंत्र) बंद, चावी बाहेर. तुम्ही सीटवर बसा आणि दोघांना शेपटाकडचा भाग हलकेच दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. दाब शेपटाच्या आडव्या पंखावर नको, त्याच्या जरा पुढे, आतल्या बल्कहेडवर (शरीराच्या आतल्या आडव्या चौकटीवर) यायला हवा. काचेतून क्षितिज आणि काउलिंग (इंजिनवरचं झाकण) यांचं जे चित्र दिसतं, ते डोळ्यांत भरून घ्या. मागची चाकं आधी टेकतात तेव्हा समोर हेच चित्र असतं. पाच मिनिटं तसंच बसून राहा.

सोलोला, म्हणजे एकट्यानं उडताना, विमान थोडं आदळलं. बाहेरून काहीच दिसत नाही. सांगितलं तर सोलो बंद करतील अशी भीती वाटते. सांगावं का?
– नाव-गाव नको

सांगावं. आजच, पुढचं उड्डाण सुटायच्या आत.

तुमची भीती खरी आहे आणि ती अनेकांना वाटते. पण जे वाकलंय ते बाहेरून न दिसणं, हाच या दणक्याचा स्वभाव आहे. फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीचा, पत्रा काउलिंगच्या आत असतो. इंजिन धरून ठेवणाऱ्या माउंटच्या नळीला वेल्डजवळ गेलेली चीर केसाएवढी असते. ती तुमच्या उड्डाणात तुटणार नाही कदाचित. दहा दिवसांनी त्याच विमानात दुसरी कुणी मुलगी पहिल्या सोलोला जाईल आणि तिला काही माहीत नसेल.

तपासणी कशी व्हावी, किती खोल व्हावी, हे ठरवायला इंजिनिअरला तुमचं वाक्य लागतं : कोणतं चाक आधी लागलं, विमान सरळ होतं की तिरकं, किती उड्या, फ्लॅप किती, आवाज कसा आला. हे टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, लिहा. देखभाल अभियंत्यानं तपासून सही केल्याशिवाय ते विमान उडवू नये. आणि प्रशिक्षण संस्थांनाही एक कळकळीचं सांगणं आहे. सांगणाऱ्या मुलाला शिक्षा झाली, तर पुढचा मुलगा गप्प बसेल. त्याला प्रशिक्षकाबरोबर दोन तास सर्किट (उड्डाण, फेरी आणि पुन्हा उतरणं) द्या, नोंद करा, विषय संपवा.

जाता जाता : पहिल्या सोलोला आदळण्यामागे अनेकदा साधं कारण असतं. शेजारचे सत्तर-ऐंशी किलो उतरलेले असतात. विमान हलकं होतं, जास्त तरंगतं आणि दोघं असताना बसलेला हाताचा अंदाज चुकतो.

मे महिन्यात नागपूरकडे उडताना लँडिंग हमखास बिघडतं. उन्हाचा काही संबंध आहे का?
– प्रशिक्षणार्थी, वर्धा

आहे, आणि दोन प्रकारचा.

पहिला हवेच्या विरळपणाचा. नागपूरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फूट. 43 अंश तापमानात तिथली हवा चार-साडेचार हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. मीटरवर 65 नॉट दिसत असताना खरा वेग 69-70 असतो. जमीन भराभर मागे पळताना दिसते आणि मन म्हणतं, वेग जास्त झाला, कमी कर. मीटर सोडून डोळ्यांचं ऐकलंत तर फ्लेअरला हातात वेगच उरत नाही आणि विमान शेवटचे चार फूट दगडासारखं येतं. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत खाली येताना, मीटरचं ऐका. शिवाय उन्हात इंजिनची शक्ती घटते, गो-अराउंडला (उतरणं सोडून पुन्हा वर जाताना) विमान आळसावून चढतं, म्हणून तो निर्णय थंडीच्या दिवसांपेक्षा लवकर घ्यावा लागतो.

दुसरा संबंध वर उठणाऱ्या हवेचा. नांगरलेलं शेत, डांबर आणि तलाव शेजारी शेजारी असले की एक उचलतं आणि दुसरं खाली सोडतं. धावपट्टीच्या तोंडाशी अशी सोडणारी हवा मिळाली तर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून फ्लेअर करू नका. थोडी शक्ती चालू ठेवा आणि चाकं टेकली की काढा. दुपारी बारा ते चार सर्किटचा सराव टाळता आला तर टाळावा. सकाळी सातची हवा शिकायला सर्वांत चांगली.

पावसाळ्याची भानगड वेगळी. ओल्या, चकाकणाऱ्या धावपट्टीवर खोलीचा अंदाज लागत नाही आणि फ्लेअर उशिरा होतो. तेव्हा कडेच्या दिव्यांवरून उंची ओळखायची सवय लावा.

आमच्या छोट्या धावपट्टीवर लँडिंग चांगलं होतं. मोठ्या विमानतळावर गेलो की वरूनच आपटतो. असं का?
– प्रशिक्षणार्थी, धुळे

डोळ्यांची फसगत. अरुंद पट्टीच्या रुंदीवरून उंची ओळखायला तुम्ही शिकलात. 45 मीटर रुंद पट्टी समोर आली की मेंदूला वाटतं, एवढी रुंद दिसतेय म्हणजे आपण खूप खाली आलो. तुम्ही वरच फ्लेअर करता, वेग तिथेच संपतो आणि विमान पडतं. अरुंद पट्टीवर याच्या उलट, फ्लेअर उशिरा होतो. नव्या ठिकाणी जाण्याआधी पट्टीची रुंदी वाचून घ्या आणि पहिल्या वेळी प्रशिक्षकाबरोबर एक नीची फेरी मारा.

देखभालीच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. सेस्ना 172 चं हार्ड लँडिंग झालं तर कुठून सुरुवात करायची? मॅन्युअलची यादी पाठ आहे, पण बघायचं काय ते कळत नाही.
– विद्यार्थी, पुणे

यादी पाळायचीच, ती देखभाल मॅन्युअलच्या पाचव्या प्रकरणात अनपेक्षित तपासण्यांखाली असते. पण दणक्याचा मार्ग मनात धरून बघितलंत तर यादी डोळ्यांसमोर उभी राहते : चाकापासून निघालेला भार शरीरात कुठून कुठे गेला?

पहिल्यांदा विमानापासून वीस पावलं मागे जाऊन बघा. दोन्ही पंखांची टोकं जमिनीपासून सारख्या उंचीवर आहेत का? टेपनं मोजा, डोळ्यावर विसंबू नका. त्याआधी टायरचा दाब सारखा करून घ्या, नाहीतर माप खोटं येईल. 172 एसला मागच्या टायरमध्ये 42 आणि पुढच्यात 45 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) लागतो. मग समोर येऊन स्पिनर (प्रॉपेलरची टोपी) आणि काउलिंगमधली फट बघा. वर जास्त आणि खाली कमी असेल तर इंजिन खाली झुकलंय : एक तर रबरी माउंट बसले किंवा मागे काही वाकलं.

आता पुढचा पाय. हा तेल आणि हवेचा स्ट्रट आहे, 45 पीएसआयचा, आणि तो थेट फायरवॉलला बांधलेला आहे. इथेच बहुतेकांचं लक्ष चुकतं. पाय स्वतः मजबूत असतो, तो न मोडता भार मागच्या पातळ पत्र्याला देतो. म्हणून काउलिंग काढल्याशिवाय तपासणी झाली असं म्हणायचं नाही. टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवी धरा. समोरून सपाट दिसणाऱ्या पत्र्यावर आडव्या उजेडात सुरकुतीची सावली पडते. खालच्या बाजूला, पायाच्या पकडींच्या आसपास, हाताच्या तळव्यानंही चाचपा. फुगवटा बोटांना आधी कळतो. मग आत जा, मॅटिंग उचला आणि पेडलच्या पुढचा फायरवॉलचा पत्रा मागच्या बाजूनं बघा. पेडल अडकत असेल, विमान टॅक्सीला एका बाजूला ओढत असेल किंवा पुढचं चाक थरथरत असेल तर टॉर्क लिंक (चाक सरळ धरणारी कात्री), शिमी डॅम्पर (चाकाची थरथर शोषणारा भाग) आणि स्टिअरिंगच्या दांड्या उघडून बघायच्या.

इंजिन माउंटच्या नळ्या रंगवलेल्या असतात. रंगाला तडा गेला तर तो नुसता रंगाचा की धातूचा, हे डोळ्यांनी ठरवू नका. वेल्डजवळचा रंग काढून डाय पेनेट्रंट, म्हणजे चिरेत शिरून ती दाखवणारा रंग, लावा. एक्झॉस्टचा पाइप काउलिंगला घासल्याचा नवा डाग आहे का, तेही इथेच बघून घ्या.

मागचे पाय नळीदार पोलादाचे. ते वाकून परत सरळ होतात, म्हणून त्यांच्याकडे बघून समाधान मानू नका. ते जिथे शरीरात घुसतात तिथले बल्कहेड, पकडी आणि बोल्ट बघा. बोल्टची भोकं लांबट झालीत का? चाकांचं अलाइनमेंट मोजा. चाकाच्या कडेला चीर आणि ब्रेकची नळी घासलेली आहे का, तेही बघा. विमान तिरकं टेकलं असेल तर बाजूचा भार ज्या पायावर आला तिथे दुप्पट वेळ द्या.

मग रिव्हेट. सैल झालेला रिव्हेट पत्र्याशी घासत राहतो आणि त्याच्या मागे काळसर शेपूट उमटतं, हवेच्या दिशेनं ओढलेल्या काजळासारखं. ताज्या दणक्यानंतर ते लगेच दिसत नाही, काही तास उडाल्यावर दिसतं. म्हणून आज पुसून स्वच्छ करा आणि पाच-दहा तासांनी पुन्हा बघण्याची नोंद घाला. पंखात टाकीच्या सांध्यांवर निळा डाग म्हणजे इंधन झिरपतंय, 100 एलएल हे विमानाचं पेट्रोल निळंच असतं. पंखाचा तिरपा आधार वर आणि खाली जिथे बांधलाय ते दोन्ही सांधे, शेपटाच्या आडव्या पंखाच्या पकडी, शेपटाकडचा शेवटचा बल्कहेड, दोरी बांधायची खालची कडी घासलीय का, सगळं बघा. दरवाजे उघडून लावा. काल सहज लागणारा दरवाजा आज ढकलावा लागत असेल, तर शरीराची चौकट हललीय.

सुरकुती सापडली तर ती "थोडीशी" आहे म्हणून सोडता येत नाही. आतला स्टिफनर (पत्र्याला ताठ ठेवणारी पट्टी) वाकल्याशिवाय बाहेरचा पत्रा क्वचितच सुरकुततो.

प्रॉपेलरचं टोक नुसतं घासलं, इंजिन बंदही पडलं नाही. टोक फाइलनं घासून चालवता येईल का?
– वाचक, जळगाव

नाही. पात्याची किरकोळ खरवड घासून काढणं वेगळं आणि जमिनीला लागलेला प्रॉपेलर वेगळा.

172 एसचा प्रॉपेलर 76 इंचांचा. इंजिन अगदी मंद, मिनिटाला 700 फेऱ्यांवर असतानाही त्याचं टोक ताशी 250 किलोमीटरच्या वर जात असतं. ते एकाएकी अडलं की धक्का क्रँकशाफ्टमधून थेट मागच्या टोकाला जातो. लायकमिंग इंजिनात तिथे एक गिअर, एक बोल्ट आणि एक छोटी डॉवेल पिन असते. त्याच गिअरवरून कॅमशाफ्टही चालतो आणि मॅग्नेटोही. ती पिन अर्धवट कापली गेली असेल, तर इंजिन आज सुरळीत चालेल आणि पुढे कधीतरी हवेत एका झटक्यात पूर्ण बंद पडेल. दुसरा मॅग्नेटो आहे, हा दिलासा तिथे कामाचा नाही. म्हणून अमेरिकी विमान प्रशासनाची 2004-10-14 ही सक्तीची सूचना लायकमिंगवाल्यांना प्रॉपेलर आपटल्यानंतर हा गिअर तपासायला आणि बोल्ट बदलायला लावते. लायकमिंगच्या व्याख्येत "आपटणं" फक्त जमिनीला लागण्यापुरतं नाही. इंजिन बंद असतानाही, पात्याला किरकोळ घासण्यापलीकडची दुरुस्ती लागली तर ते आपटणंच. उंच गवतात किंवा पाण्यात फेऱ्या एकदम पडल्या तरी तेच.

आणखी एक विचार करा. सपाट उभ्या स्थितीत प्रॉपेलर आणि जमीन यांत निदान सात इंच जागा असावी आणि पुढचा टायर पूर्ण बसला, स्ट्रट तळाला गेला तरी पातं जमिनीला लागू नये, असा भाग 23 चा नियम होता. तरीही टोक घासलं, म्हणजे नाक सपाटापेक्षा बरंच खाली गेलं होतं. तेव्हा पुढचा पाय आणि फायरवॉलही तपासा.

आमच्याकडे डीए 40 आहेत, फायबरचे. पत्राच नाही तर सुरकुती कुठे बघायची?
– प्रशिक्षणार्थी, गोंदिया

चांगला प्रश्न. पत्रा वाकून राहतो आणि आपली जखम दाखवतो. काच-कार्बन तंतूंचं कवच वाकतं, परत सरळ होतं, आणि आतले थर सुटलेले असू शकतात. रंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा, सांध्याच्या कडेला पांढुरकी रेष, पायांच्या पकडींभोवती तडा, या बाहेरच्या खुणा. त्याहून खोल जायचं तर टकटक तपासणी : नाण्यानं किंवा छोट्या हातोडीनं दर दोन सेंटीमीटरवर हलकेच वाजवत जायचं. सलग कवच खणखणीत वाजतं, थर सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. शांत हँगरमध्येच हे जमतं. पण जाड भागात आणि स्पारमध्ये (पंखाच्या मुख्य तुळईत) टकटक पुरत नाही. तिथे उत्पादकाच्या मॅन्युअलप्रमाणे पुढची तपासणी लागते.

डीए 40 च्या पुढच्या पायात तेलाचा स्ट्रट नसून रबरासारख्या इलास्टोमरचा संच आहे. तो चिरलाय किंवा दबून आखूड झालाय का बघा. मागचे पाय पोलादी पट्टीचे आहेत, त्यांच्या बोल्टांची आणि आतल्या पकडींची गोष्ट सेस्नासारखीच.

अमेरिकेत वापरलेलं पायपर आर्चर घ्यायचा विचार आहे. आधी कधी आदळलं असेल तर कसं ओळखायचं? एका विमानाचा डावा पाय उजव्यापेक्षा खाली बसलेला दिसला.
– वाचक, न्यू जर्सी

आधी कागद. अमेरिकी विमान प्रशासनाच्या ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी कार्यालयातून त्या एन-नंबरची (विमानाच्या नोंदणी क्रमांकाची) फाइल मागवा. मोठी दुरुस्ती झाली असेल तर फॉर्म 337 त्यात सापडतो. एनटीएसबी या अमेरिकी तपास संस्थेच्या अपघातांच्या नोंदीतही नंबर टाकून बघा. मग लॉगबुक उलट्या बाजूनं वाचा : मधेच नवा प्रॉपेलर, पुढच्या पायाचा फोर्क बदललेला, इंजिन "उघडून पाहिलं" पण ओव्हरहॉल नाही, आणि कारण कुठेच लिहिलेलं नाही, अशी जोडी दिसली की विचारा. विमानाजवळ गेलात तर एकाच ओळीत जुन्यांत बसवलेले नवे रिव्हेट आणि रंगाचा वेगळा पोत शोधा.

खाली बसलेल्या पायाचं कारण साधंही असू शकतं. आर्चरचे तिन्ही पाय तेल-हवेचे आहेत. टाक्या भरलेल्या आणि आत कोणी नसताना मागच्या पायांची चकाकणारी नळी साडेचार इंच आणि पुढची सव्वातीन इंच दिसायला हवी. लाल तेलाचा ओघळ दिसला तर सील गेलंय. सील बदलणं किरकोळ काम आहे. पण नुसती हवा भरून मालक म्हणाला "झालं", तर थांबा. तेल कमी असलेला पाय हवेनं उंच दिसतो, दणका मात्र पेलत नाही, थेट तळाला जातो.

विमान प्रशिक्षणात वापरलेलं असेल तर 2020-26-16 या सक्तीच्या सूचनेची नोंद विचाराच. 2018 साली डेटोना बीचला एका पीए-28 चा, म्हणजे आर्चरच्याच कुळातल्या विमानाचा, पंख बोल्टच्या भोकाजवळच्या थकव्याच्या चिरेमुळे निखळला. त्यानंतर स्पारच्या खालच्या बोल्टांची भोकं एडी करंटनं, म्हणजे विजेच्या भोवऱ्यांनी चीर शोधून, तपासायची सक्ती आली. पाळी कधी येते ते विमानाचे तास आणि झालेल्या 100 तासांच्या तपासण्या मिळून ठरतं.

मित्राच्या विमानात मागे बसलो होतो, उतरताना जोरात आपटलं. चार दिवसांनीही कंबर दुखतेय.
– वाचक, पणजी

डॉक्टरांना "उभा दणका बसला" असं स्पष्ट सांगून एक्स-रे काढून घ्या. असा भार पाठ आणि कंबर जिथे मिळतात त्या मणक्यांवर येतो आणि मणका दबला तरी माणूस चालत घरी येतो. पायांत मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीला अडचण असेल तर उद्यावर टाकू नका.

लँडिंगनंतर टॉवरनं विचारलं, "तुमचा ईएलटी चालू आहे का?" म्हणजे काय?
– प्रशिक्षणार्थी, अमरावती

शेपटाकडे बसवलेलं आपत्कालीन प्रक्षेपक यंत्र. त्यात धक्का ओळखणारा स्विच असतो, जोरात आदळलं की ते आपोआप सुरू होतं. 406 मेगाहर्ट्झवरचा त्याचा संदेश उपग्रहामार्फत बंगळुरूच्या भारतीय मिशन कंट्रोल सेंटरला जातो आणि शोधमोहिमेची तयारी सुरू होऊ शकते. म्हणून दणक्यानंतर रेडिओ बंद करण्याआधी 121.5 मेगाहर्ट्झ ही आपत्कालीन वारंवारता लावून दोन मिनिटं ऐका. वरून खाली घसरत जाणारा सायरनसारखा सूर आला तर पॅनेलवरच्या स्विचनं यंत्र रीसेट करा आणि लगेच टॉवरला सांगा, नोंद करा. आणि स्विच उडण्याइतका धक्का बसला होता, हे देखभाल अभियंत्याला वेगळं लिहून द्या.